पगारे साहेबांची खरीखुरी गरज

रिटायर झाल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या आत, भिमाजी पगारे यांना स्वतःच्या घरात सातव्यांदा उठवण्यात आलं. पहिल्यांदा लताबाईंना झाडायचं होतं. दुसऱ्यांदा पुसायचं होतं. तिसऱ्यांदा पुसलेलं वाळायचं होतं. मग खुर्ची गव्हाच्या वाटेत आली, मग दिवाण चादरीच्या वाटेत आला, मग भिशीच्या बायका यायच्या होत्या. सातव्या वेळेला तर कारणही नव्हतं. लताबाई नुसत्या दारात उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. चौतीस वर्षं वरिष्ठांच्या नजरा ओळखण्यात घालवलेले भिमाजी आपणहून उठले.

"अहो, तुम्ही ऑफिसात दिवसभर नक्की काय करायचात?" लताबाईंनी विचारलं.

"बसायचो," भिमाजी म्हणाले. हेडक्लार्कचं काम याहून थोडक्यात सांगता येत नाही.

"मग तसंच कुठेतरी जाऊन बसा ना."

आता कुठे बसा? टाकळी रोडला कर्ज काढून बांधलेलं तीन खोल्यांचं घर. मागच्या दोन खोल्यांवर लताबाईंचं राज्य, आणि रस्त्याकडची पुढची खोली तेरा वर्षांपासून झुंबर विधात्याला भाड्याने दिलेली. झुंबर मखमलाबादचा माळी. घरच्या मळ्यातला झेंडू, शेवंती, गुलाब पहाटे सायकलवर आणायचा आणि दिवसभर हार ओवत बसायचा. भिमाजी ओट्यावर येऊन उभे राहिले, तसं झुंबरने स्टूल ओढलं, खांद्यावरच्या फडक्याने पुसलं आणि कोपऱ्यात नळापाशी ठेवलं.

"या साहेब, बसा. उन्हात काहून हुभं राहायचं?"

भिमाजी बसले. पेपर वाचला. दोन चहा झाले, ते झुंबरने पाजले. संध्याकाळी पाचला, ऑफिस सुटायच्या वेळेला, ते उठून आत गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दिवसभरात आपल्याला एकदाही कुणी उठवलं नाही. आणि जेवताना, वरणभाताच्या दुसऱ्या घासाला, दुसरी एक गोष्ट लक्षात आली आणि घास तिथेच अडकला. खोली आपली, भिंती आपल्या, नळाचं बिल आपल्या नावावर, आणि आपण तिथे पाहुणे म्हणून बसलो होतो! दुसऱ्याच्या स्टुलावर! भिमाजींना फार लागलं ते.

त्या रात्री त्यांनी ठरवलं की पुढची खोली परत घ्यायची आणि तिथे आपलं टेबल मांडायचं. विचार काही अगदीच हवेतला नव्हता. सगळी कॉलनी आपले कागद त्यांच्याकडेच घेऊन यायची. रेशनकार्डात नाव घालायचंय, शाळेचा दाखला हवाय, नगरपालिकेने नोटीस लावलीय, की चला पगारे साहेबांकडे. भिमाजींचा मसुदा म्हणजे मसुदा. तक्रार करायला आलेल्या माणसाला ते आधी एकच गोष्ट सांगायचे, "तोंडी काही खरं नसतं. कागदावर पाहिजे." ऑफिसच्या लिलावात घेतलेला टाइपरायटर घरात होता. त्यातला 'म' ओळीच्या किंचित वर उडी मारायचा, पण अर्जाला त्याने काही बाधा येत नव्हती. भिमाजींनी हौसेने पाटीसुद्धा रंगवून आणली: 'भिमाजी के. पगारे, निवृत्त हेडक्लार्क. येथे सर्व प्रकारचे अर्ज लिहून व टाईप करून मिळतील.' राहता राहिलं झुंबरला सांगणं.

खोटं कशाला बोला, इथेच सगळं घोडं अडलं. भिमाजी चार वेळा सांगायला गेले आणि चारही वेळा काहीतरी पदरात पाडून घेऊन परत आले. पहिल्यांदा निशिगंधाची वेणी, दुसऱ्यांदा मळ्यातली वांगी, तिसऱ्यांदा पुन्हा वेणी. चौथ्यांदा त्यांनी घसा खाकरून "झुंबर, मला तुझ्याशी जागेबद्दल—" इतकं वाक्य काढलं होतं. झुंबर म्हणाला, "व्हय साहेब, गळतंय खरं त्या कोपऱ्यात. तुमी नका तरास घेऊ, मी पत्रा टाकतो." आणि त्याने स्वतःच्या खर्चाने पत्रा टाकला. भिमाजी तोंड पाडून आत आले.

"असं नाय जमायचं," शेजारचे कोंडाजी गांगुर्डे म्हणाले. कोंडाजींचा देवळ्याला चुलतभावाशी बांधाचा दावा बावीस वर्षं चालू होता, त्यामुळे कॉलनीत कायद्याचा जाणकार म्हणून त्यांना मान होता. "दिवाळीत गडी गावाला गेला का कुलूप ठोका तुमचं. नायतर पाणी तोडा. फुलाला पाणी नाय म्हणजे दोन दिवसात गडी पसार."

"ते बेकायदेशीर आहे," भिमाजी ताठ होत म्हणाले. "मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. जे काय होईल ते कायद्याने होईल."

"मग होईल," कोंडाजी म्हणाले. "तुमच्या-माझ्या हयातीत होईल का, ते नाय सांगत."

कायद्याने करायचं म्हणजे वकील आला. सीबीएस बसस्टँडजवळ एका जिन्याखाली खंडेराव देवरे वकील बसायचे. त्यांनी भाडेनियंत्रणाचं पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि बोट जिभेला लावून पानं उलटली. ते म्हणाले, पगारे, जागा माझी आहे म्हणून कुणी उठत नसतं, दुकानदार तर नाहीच नाही. कायद्याने दिलेलं कारण लागतं. मग ते एकेक कारण वाचू लागले आणि भिमाजी आशेने पुढे सरकत गेले.

"भाडं थकवलंय?"

"नाही. पहिल्या तारखेला देतो. सोबत हिला वेणी."

"वेणीची पावती देता?"

"नाही."

"देऊ नका. जागा दुसऱ्या कुणाला पोटभाड्याने दिलीय? नाही? सहा महिने बंद ठेवलीय?"

"दिवाळीलासुद्धा उघडी असते. दिवाळीलाच तर झेंडू."

"तुमच्या परवानगीशिवाय पक्कं बांधकाम?"

"पत्रा टाकला," भिमाजी पडेल आवाजात म्हणाले, "पण मी हो म्हटलं होतं. आणि गळायचं थांबलं."

"शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव? घाण, आवाज, वास?"

भिमाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "वास आहे," ते म्हणाले, "पण मोगऱ्याचा."

देवरे वकिलांनी पुस्तक मिटलं आणि डोळेही मिटले. असा भाडेकरू त्यांच्या वकिलीत आला नव्हता. मग ते म्हणाले की आता एकच कारण उरलं: मालकाची स्वतःची खरीखुरी, प्रामाणिक गरज. पण नुसतं मला जागा हवी म्हणून चालत नाही. गरज खरी आहे हे सिद्ध करावं लागतं. शिवाय जागा सोडून भाडेकरूचे जास्त हाल होतात की न मिळून मालकाचे, हेही कोर्ट तोलून बघतं.

"माझी गरज खरीच आहे हो," भिमाजी कळवळून म्हणाले. "मला बसायला जागा नाही."

"वा," देवरे वकील म्हणाले. "हे असंच म्हणायचं साक्षीत. असाच चेहरा ठेवायचा."

नोटीस भिमाजींनी स्वतः टाईप केली, कारण वकिलांच्या कारकुनाने 'खाली करावी' हे दोनदा लिहिलं होतं. एक महिन्यात जागा खाली करून शांततेने ताबा द्यावा, न दिल्यास दावा लावू, खर्च आपल्यावर. वकिलांची सही झाली, पाकीट रजिस्टर पोस्टाने गेलं. भिमाजींच्या घरातून निघून, सीबीएसला जाऊन, मोठ्या पोस्टात शिक्के खाऊन ते चौथ्या दिवशी भिमाजींच्याच घराच्या पुढच्या खोलीत परत आलं. पोस्टमन आला तेव्हा भिमाजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. दुसरीकडे कुठे बसणार?

झुंबरने पोचपावतीवर सही केली. त्याला सहीपुरतं आणि हिशेबापुरतं येत होतं. पाकीट उलटंसुलटं करून त्याने ते, तेरा वर्षांच्या सवयीने, भिमाजींच्या हातात दिलं.

"साहेब, वाचा बरं काय म्हनतंय सरकार."

आता माणसाने काय करावं? पळून आत जावं तर लताबाई गहू निवडत होत्या. भिमाजींनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आपलीच वाक्यं ती. 'आमच्या अशिलाची सहनशीलता संपुष्टात आली असून' ही ओळ टाईप करताना त्यांना फार आवडली होती. आता ती वाचताना जीभ जड झाली. अशिलाचं नाव आलं तिथे त्यांनी खोकून बघितलं, पण झुंबर म्हणाला, "नीट ऐकू नाय आलं," तेव्हा त्यांनी स्वतःचं संपूर्ण नाव वडिलांच्या नावासकट मोठ्याने वाचलं.

झुंबरने ओवणं थांबवलं. हातातला अर्धा ओवलेला हार त्याने मांडीवर ठेवला.

"म्हंजे तुमी."

"हो. म्हणजे मी. म्हणजे कायद्याने."

"आन मी काय म्हनायचं याच्यावर?"

"एक महिन्यात लेखी उत्तर द्यायचं. नाही दिलंस तर तुला काही म्हणायचं नाही असं धरतील."

"मंग द्या की लिहून," झुंबर म्हणाला.

भिमाजींना त्याचा हात धरून सांगायचं होतं की वेड्या, मी तुझा सामनेवाला आहे, जा, एखादा वकील बघ. त्यांनी तसं सांगितलंही. झुंबर म्हणाला, "वकील काहून? तुमी हाय ना. रेशनचं तुमीच केलं, पोरीच्या दाखल्याचं तुमीच केलं. बाहेरच्याला काय ठावं माझं?" आणि वर अगदी सरळपणाने म्हणाला, "तुमीच म्हनता, तोंडी काय खरं नसतं."

त्या दुपारी टाइपरायटर पुढच्या खोलीत आला. भिमाजींचा बेत साधा होता: दोन ओळींचं पुळचट उत्तर लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण हाताला सवय नव्हती. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून कच्चा मसुदा गेला नव्हता. दोन ओळी लिहून त्यांनी वाचल्या आणि कागद फाडला. 'हे उत्तर आहे? हे उत्तर साहेबांसमोर गेलं असतं का?' मग त्यांनी बाह्या वर केल्या. मुद्दा पहिला, नोटीस देणारास पेन्शन मिळते, सबब गरज खरी नाही. मुद्दा दुसरा, भाडेकरूच्या कुटुंबात नऊ माणसं असून सर्वांचं पोट या एका दुकानावर. मुद्दा तिसरा, तेरा वर्षांचं गिऱ्हाईक. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा मोठा हार याच दुकानातून जातो आणि त्या हाराचं दरवर्षीचं पहिलं गिऱ्हाईक स्वतः नोटीस देणार. मुद्दा चौथा त्यांना चहा पिताना सुचला आणि तो सर्वांत जहरी होता: नोटीस देणाराकडे मागे दोन खोल्या असून तिथे माणसं फक्त दोन. लिहिता लिहिता त्यांना त्या नोटीस देणाऱ्या माणसाचा मनापासून राग आला. इतका स्वार्थी मनुष्य!

उत्तर वाचून देवरे वकील खुर्चीत सावरून बसले. "पगारे, त्याने तगडा माणूस गाठलाय. पुण्याचा असावा. एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही."

भिमाजींना घाम फुटला. पण आत कुठेतरी, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. नोकरीत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. ते गप्प बसले.

आणि असा सत्त्याहत्तर साली दावा लागला. दावा भिमाजींनी टाईप केला, आणि तेच चार मुद्दे घालून झुंबरचं कोर्टातलं लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, तीही त्यांनीच. नंतरचं काय सांगायचं! दावा लागला म्हणजे दावा सुरू झाला असं नव्हे. कधी जज्ज रजेवर, कधी देवरे वकील लग्नाला, कधी फाईल सापडेना, आणि सापडली तेव्हा ती दुसऱ्याच कुणा पगाऱ्यांची. जज्ज बदलले, त्यांच्यानंतरचे बदलले. सिंहस्थ आला तेव्हा झुंबरला हार ओवायला रात्रंदिवस पुरेना, म्हणून त्याने मुदत मागितली. मुदतीचा अर्ज भिमाजींनी लिहिला. त्यावर वादीचं म्हणणं काय, असं कोर्टाने विचारलं, तेव्हा 'सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हरकत नाही' असं म्हणणंही भिमाजींनीच दिलं. देवरे वकील म्हणाले, हरकत घ्यायची असते हो! भिमाजी म्हणाले, खोटी कशी घ्यायची?

तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच बसने जायचे. वेगवेगळं कशाला जायचं? भिमाजी दोन तिकिटं काढायचे, झुंबर येताना दोन चहा सांगायचा. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून लताबाईंनी दिलेला डबा दोघं खायचे, आणि कडी अशी की लताबाई पोळ्या तीन जास्त द्यायच्या, "त्या झुंबरला भूक लागते तारखेला" म्हणून. पुकारा झाला की दोघं हात धुऊन आत जायचे, पुढची तारीख घ्यायचे आणि बाहेर यायचे. भिमाजींचे गुडघे दुखू लागले. झुंबरला चाळिशी लागली, सुईत दोरा भिमाजी ओवून देऊ लागले. रंगवलेली पाटी कपाटामागे दोन वर्षं उभी होती, मग लताबाईंनी ती गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून टाकली. ती अगदी मापात बसली.

"संपलं का तुमचं?" लताबाई दर तारखेला विचारायच्या.

"चालू आहे," भिमाजी म्हणायचे आणि पुढच्या खोलीत जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. कंटाळा तर इतका आला होता की कधी कधी दावा कोणी कुणावर लावलाय हेच आठवेनासं व्हायचं. पण आत गेले की 'उठा' होतंच. दावा काढून घ्यावा असं मनात आलं की भिमाजी आत जाऊन पाच मिनिटं बसून बघायचे, आणि परत बाहेर यायचे.

चौऱ्याऐंशी साली नवे जज्ज आले, तरुण आणि वाचणारे. वाचणारा जज्ज म्हणजे दोन्ही बाजूंना धोका, असं देवरे वकील म्हणाले ते खोटं नव्हतं. भिमाजी साक्षीला उभे होते. जज्जांनी दावा एका हातात धरला, कैफियत दुसऱ्या हातात धरली, आणि बराच वेळ या हाताकडून त्या हाताकडे बघत राहिले.

"या दोन्ही कागदांतला 'म' उडालेला आहे," ते म्हणाले. "प्रतिवादी, तुमची कैफियत कुणी लिहिली?"

झुंबर जागेवरच हात जोडून उभा राहिला. "आमचे साहेब लिहितात ना. त्येच लिहितात सगळं."

"कोण साहेब?"

"हे काय, हुभे हायेत तुमच्याम्होरं."

देवरे वकिलांनी डोकं टेबलाला टेकवलं. कोर्टात एवढी शांतता झाली की बाहेरचा स्टँपविक्याही आत डोकावून गेला.

"पगारे," जज्ज सावकाश म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या दाव्याविरुद्ध स्वतःच कैफियत लिहिलीत?"

"होय, सर." पण भिमाजींना राहवलं नाही. "मसुदा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. फार बरोबर आहे. चौथ्या मुद्द्याला तुमच्या वकिलांना अजून उत्तर सापडलेलं नाही."

"त्याचं उत्तर आहे माझ्याकडे, सर," भिमाजी म्हणाले. "मागे दोन खोल्या आहेत हे खरं. पण तिथे बसू देत नाहीत."

"कोण?"

भिमाजींनी मान खाली घातली. सात वर्षं सांभाळलेली अब्रू होती ती. "मंडळी," ते म्हणाले. "वाईट नाहीत त्या. पण मी बसलो की त्यांना काहीतरी काढायचं असतं. झाडायचं असतं. सर, मी चौतीस वर्षं एका खुर्चीवर बसलो. आता मी कुठेही बसलो तरी कुणीतरी म्हणतं, जरा उठता का. मला एक जागा पाहिजे जिथून मला कुणी उठवणार नाही. दुसरी गरज नाही माझी."

जज्जांनी पेन खाली ठेवलं. "मग हे कागद तुम्ही लिहिता कुठे बसून?"

"दुकानात. झुंबरच्या स्टुलावर. नळापाशी."

"रोज?"

"साडेदहा ते पाच," भिमाजी म्हणाले. "शनिवारी दीडपर्यंत."

निकाल महिन्याने लागला. त्याआधी कोर्टाचा माणूस येऊन टेप लावून खोली मोजून गेला. त्या वेळी टेपचं एक टोक झुंबरने धरलं होतं आणि दुसरं भिमाजींनी. कोर्टाने म्हटलं, वादीची गरज खरी आहे. प्रतिवादीचीही खरी आहे. परंतु कायद्यात अशीही सोय आहे की दोघांचे हाल न होता भागत असेल तर जागेच्या काही भागापुरताच हुकूम करावा. सबब, दुकानाची पूर्वेकडची साडेचार फूट रुंद पट्टी, म्हणजेच वादी सध्या जिथे बसतो ती, प्रतिवादीने वादीच्या ताब्यात द्यावी.

म्हणजे सात वर्षं, दोन वकिलांची फी भरेल एवढा एका वकिलाचा खर्च, शंभरेक बसची तिकिटं आणि पोळ्या वेगळ्या, एवढं करून भिमाजींना मिळालं काय? बसले होते ती जागा.

पण हुकूम म्हणजे हुकूम. तो तोंडी पाळून चालत नाही, ताबा कागदावर व्हावा लागतो, आणि त्यासाठी एका मंगळवारी अकरा वाजता कोर्टाचा बेलीफ आला. घामाघूम झाला होता बिचारा, त्याला झुंबरने पाणी दिलं.

"वादी कोण?"

"मी," कोपऱ्यातून भिमाजी म्हणाले.

"ताबा घ्यायची पट्टी कुठली?"

"हीच. मी बसलोय ती."

"मग उठा," बेलीफ म्हणाला.

भिमाजींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "का?"

"ताबा द्यायचाय तुम्हाला. आत माणूस बसलेला असताना ताबा कसा देणार? रिकामी जागा दाखवावी लागते पंचांना. उठा, बाहेर व्हा."

दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून भिमाजी उठले आणि जाऊन रस्त्यावर गटारीच्या कडेला उभे राहिले. कॉलनीतली माणसं जमली. पंच म्हणून कोंडाजी आले होते, धुवट पायजमा घालून. 'यांचं सात वर्षांत उरकलं' म्हणून ते थोडे नाराज होते. बेलीफने पट्टी रिकामी असल्याची खात्री केली, स्टुलाखाली वाकून पाहिलं, झुंबरने हारांच्या दोऱ्याने आखलेली हद्द पायाने चाचपली, मग मोठ्या आवाजात भिमाजींचं नाव पुकारून ताबा दिल्याचं जाहीर केलं. पंचांच्या सह्या झाल्या.

"बसा आता," तो म्हणाला.

भिमाजी आत जाऊन स्टुलावर बसले. झुंबरने सकाळपासून बाजूला ठेवलेला गुलाबाचा हार त्यांच्या गळ्यात घातला, आणि बघ्यांपैकी दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. लताबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कोठीवरची पाटी काढून, पदराने धूळ झटकून आणली होती. ती भिंतीला टेकवताना त्या म्हणाल्या, "झाकणाला आता दुसरं काहीतरी बघावं लागेल," आणि डोळे पुसून आत गेल्या.

माणसं पांगली. दुपार झाली. दोऱ्याच्या अलीकडे भिमाजी, पलीकडे झुंबर. करायला दोघांनाही काही नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदाच पुढची तारीख नव्हती. झुंबरने बादली उचलली, नळाकडे निघाला, आणि दोऱ्यापाशी येऊन थांबला.

"काय रे?"

"नळ तुमच्यात गेला साहेब."

भिमाजींनी वळून पाहिलं. नळ खरोखरच त्यांच्या खांद्यामागे होता. "अरे मग घे ना पाणी! मी कुठे नाही म्हणतोय?"

"तुमी नाय म्हननार. ठावं हाय मला." झुंबर बादली हातातच धरून उभा होता. "पन उद्याला तुमी नसले, मी नसलो, तर? पोरांनी कुनाला इचारायचं? तुमीच म्हनता, तोंडी काय खरं नसतं." त्याने बंडीच्या खिशातून निकालाची घडी केलेली नक्कल काढली. "त्यो बेलीफ म्हनला, याच्यावर अपील करता येतं. तीस दिवसात. द्या लिहून."

भिमाजींनी नक्कल घेतली. चष्मा लावला. एकदा वाचली, मग नळाचा कुठे उल्लेख आहे का ते बघायला परत वाचली. कुठेच नव्हता. फुलांचं दुकान आणि पाण्याची सोय नाही! याला काय निकाल म्हणायचं? असा मसुदा त्यांच्या हाताखालच्या सगळ्यात नव्या कारकुनानेही पुढे ठेवला नसता. भिमाजींची कानशिलं तापली. हा उघड उघड अन्याय होता, आणि तो एका गरीब, सरळ माणसावर होत होता.

त्यांनी टाइपरायटरवरचं फडकं काढलं. तीन कागद घेतले, मध्ये दोन कार्बन घातले, ठोकून सारखे केले.

"थांबा साहेब," झुंबर म्हणाला. त्याने गल्ल्यातून दोन रुपयांची नोट काढली आणि दोऱ्यावरून पलीकडे धरली. "आता दुकान हाय तुमचं. फुकाट नाय चालायचं. भवानी माझ्या हातनं होऊ द्या."

भिमाजी नको म्हणणार होते. पण रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या पैशाला झुंबर जे करायचा, ते सात वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं. त्यांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि टाइपरायटरखाली ठेवली. गळ्यातला हार बाजूला सारून ते पुढे वाकले.

"अपील करणार झुंबर विधाते," त्यांनी टाईप केलं. "सामनेवाला कोण?"

"तुमी."

"पूर्ण नाव सांग."

झुंबर सांगू लागला. पहिल्याच नावाशी 'म'ने उडी मारली. तेवढ्यात आतून लताबाईंचा आवाज आला, "अहो, जरा उठता का? वरचा डबा काढून द्यायचाय."

भिमाजींनी मान वर केली नाही.

"गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले, आणि पुढची ओळ घेतली.